वसतिगृहाची मेस कशी लावावी: पूर्ण महिना, दोन वेळ की कूपन?

प्रवेशाच्या दिवशी वसतिगृहाच्या खिडकीपुढे रांग असते. एका हातात गादीची वळकटी, दुसऱ्या हातात कागदांची फाइल, आणि आतून प्रश्न येतो, "मेस कुठली? पूर्ण, दोन वेळ की कूपन?" मागचे लोक घाई करत असतात. वडील म्हणतात, "पूर्णच लाव, जेवणाची आबाळ नको." अख्ख्या सत्राचे पैसे भरले जातात. मग दिवाळीला घरी गेल्यावर कळतं की नाष्टा महिन्यातून चारदाच झाला, घरी गेलेल्या दिवसांचे खाडे (न जेवलेल्या दिवसांची वजावट) धरलेच नाहीत, आणि रोज रात्री बाहेर वडापाव खाण्यात वेगळे पैसे गेले.

पुण्यात शिकत असताना मी मुलींच्या वसतिगृहात दोन वर्षं मेस सेक्रेटरी होते. महिनाअखेरीला रडवेला चेहरा करून वही घेऊन येणाऱ्या मुलींची चूक जवळजवळ नेहमी एकच असायची. दर बघून मेस लावलेली असायची, स्वतःची जेवणं मोजलेली नसायची आणि खाड्याचा नियम वाचलेला नसायचा. त्यानंतर भाचे, शेजारच्यांची मुलं अशा बऱ्याच जणांना मेस लावून देताना तीच चूक पुन्हा पुन्हा दिसली. म्हणून हा क्रम लिहून देते आहे. क्रम मोडू नका, कारण प्रत्येक टप्प्याचं उत्तर पुढच्या टप्प्यात लागतं.

## आधीची तयारी

खिडकीपाशी जाण्याआधी चार गोष्टी हातात हव्यात.

पहिली, तुमच्या शाखेचं वेळापत्रक, प्रॅक्टिकलच्या बॅचसकट. पहिल्या वर्षाचं वेळापत्रक प्रवेशाच्या दिवशी बहुतेक वेळा लागलेलं नसतं. अशा वेळी त्याच शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून मागच्या वर्षीचं मागून घ्या. तासांची नावं बदलतात, पण प्रॅक्टिकल सकाळी की दुपारी आणि जेवणाची सुट्टी किती, यात फार फरक पडत नाही.

दुसरी, कॉलेजचं शैक्षणिक दिनपत्रक. गणपतीची सुट्टी किती दिवस, दिवाळीची किती, परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी कधी, तोंडी परीक्षा कधी संपतात, हे त्यावर असतं.

तिसरी, मेसचं नियमपत्रक, छापील किंवा फलकावरच्या कागदाचा फोटो. "सगळं नीट होतं हो" असं तोंडी सांगणाऱ्यावर थांबू नका.

चौथी म्हणजे घरी जाण्याचा खराखुरा अंदाज. साताऱ्याची मुलगी पुण्याहून दर पंधरा दिवसांनी एसटीने घरी जाते. नांदेडचा मुलगा गणपती आणि दिवाळीलाच जातो. दोघांना एकच मेस परवडणार नाही.

आणि पथ्य, ॲलर्जी, उपवास, धार्मिक आहारनियम काही असतील तर ते एका कागदावर लिहून ठेवा. त्याचं काम सहाव्या टप्प्यात आहे.

## टप्पा १: मेस सक्तीची आहे की ऐच्छिक, आणि चालवतं कोण?

हा प्रश्न सगळ्यात आधी, कारण काही ठिकाणी निवडायला जागाच नसते. आयआयटी मुंबईसारख्या संस्थेत वसतिगृहाबरोबर मेस येतेच आणि सत्राच्या सुरुवातीला मेसची आगाऊ रक्कम भरावी लागते. सामाजिक न्याय विभागाच्या शासकीय वसतिगृहांत भोजन मोफत असतं. अशा ठिकाणी असाल तर दराची चिंता सोडा आणि सरळ तिसऱ्या टप्प्यावरचे नियम वाचा.

निवड करता येत असेल, तर मेस कोण चालवतं ते विचारा.

ठेकेदाराची मेस असेल तर दर ठरलेला असतो आणि तुमचं भांडण नियमपत्रकाच्या आधारावरच होऊ शकतं. संस्था स्वतः चालवत असेल तर तक्रार रेक्टरकडे, म्हणजे वसतिगृहप्रमुखांकडे जाते. विद्यार्थ्यांच्या समितीची मेस असेल, ज्याला काही जुन्या वसतिगृहांत अजूनही क्लब म्हणतात, तर बहुधा वाटणी पद्धत असते. महिन्याचा एकूण खर्च जेवणाऱ्यांच्या दिवसांत वाटला जातो. त्यामुळे दर आधी ठरलेला नसतो. महिना संपल्यावर कळतो.

वाटणी पद्धतीत एक बारकावा नवे विद्यार्थी हमखास विसरतात. खर्चाचे दोन भाग असतात. महाराजांचा आणि मावशींचा पगार, भांडी, वीज हा एक भाग तुम्ही जेवा न जेवा, सगळ्यांवर सारखा पडतो. किराणा, भाजी, दूध हा दुसरा. खाडा धरला तरी तो या दुसऱ्या भागातूनच वजा होतो. सुट्टीच्या महिन्यात अर्धी मुलं घरी गेली की राहिलेल्यांवर पहिल्या भागाचा भार वाढतो. म्हणून मागच्या बारा महिन्यांचे दर मागा आणि त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरचा आकडा मुद्दाम पाहा.

तपासा: सांगितलेला दर करासह आहे का? बाहेरचा ठेकेदार असेल तर ५ टक्के जीएसटी लागू होतो. शिक्षणसंस्था स्वतः आपल्या विद्यार्थ्यांना जेवण देत असेल तर त्यावर जीएसटी नसतो. ८ जानेवारी २०१८ च्या केंद्रीय परिपत्रकात हे स्पष्ट केलेलं आहे.

## टप्पा २: स्वतःची जेवणं मोजा

कागदावर सात रकाने काढा, सोमवार ते रविवार. प्रत्येकात तीन चौकोन: नाष्टा, दुपार, रात्र. झाले एकवीस. आता वेळापत्रक शेजारी ठेवून एकेक चौकोन तपासा. त्या वेळी मेस उघडी असेल आणि तुम्ही तिथे पोचू शकाल, तरच बरोबरची खूण करा.

चुका इथेच होतात. मेसची वेळ साडेबारा ते दोन, तुमचं प्रॅक्टिकल बारा ते दोन, आणि पुढचा तास सव्वादोनला. कागदावर दुपारचं जेवण "आहे". प्रत्यक्षात दोन वाजता धावत पोचाल तेव्हा भाजी संपलेली असेल आणि भाताच्या पातेल्यात तळाची खरवड उरलेली असेल. तो चौकोन रिकामा धरा.

नाष्ट्याबाबत स्वतःशी खरं बोला. घरी आई उठवायची म्हणून आठला पोहे व्हायचे. इथे रात्री एकपर्यंत जागणं होणार, आणि सकाळचा तास नऊचा असेल तर उठणं साडेआठला. पहिल्या वर्षाच्या ज्या मुलींनी "मी रोज नाष्टा करणारच" असं सांगून पूर्ण मेस लावली, त्यांच्यापैकी फार थोड्या जणी सप्टेंबरनंतर नाष्ट्याला दिसायच्या. पण साडेसातला प्रॅक्टिकल असणाऱ्या, किंवा खेळाच्या सरावाला जाणाऱ्या मुली नाष्टा चुकवायच्या नाहीत. तुम्ही कुठल्या गटातले, ते तुम्हालाच माहीत.

रविवार रात्र विसरू नका. पुण्यातल्या बऱ्याच मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे खास जेवण असतं आणि रात्री मेस बंद. म्हणजे "दोन वेळ" लावली तरी आठवड्याला चौदा नाही, तेराच जेवणं. रविवारी रात्री काय खाणार, याचा खर्च वेगळा धरा.

असा एक नेहमीचा आठवडा आणि एक घरी जाण्याचा आठवडा, दोन कागद करा. दोन्हींची बेरीज करून दुप्पट केली की महिन्याचा बराच जवळचा आकडा येतो.

तपासा: बरोबरच्या खुणा ८० टक्क्यांहून जास्त असतील तर पुन्हा एकदा मोजा. बाहेरगावी जाणाऱ्या विद्यार्थ्याचा आकडा सहसा इतका वर जात नाही.

## टप्पा ३: खाड्याचा नियम शब्द न् शब्द वाचा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. मेस किती महाग पडणार, हे दरापेक्षा खाड्यावर ठरतं.

आमच्या मेसमध्ये काउंटरशेजारी खिळ्याला सुतळीने बांधलेली एक लांबट वही असायची. खाडा रजिस्टर. नाव, खोली क्रमांक, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, सही. आदल्या रात्री नऊच्या आत नोंद झाली तरच खाडा. सव्वानऊला महाराज वही आत नेत, कारण दुसऱ्या दिवशीच्या कणकेचा आणि डाळीचा हिशेब त्यावर व्हायचा. आता बऱ्याच ठिकाणी वहीच्या जागी ॲप किंवा गूगल फॉर्म आला आहे, पण नियमाची जात तीच आहे.

पुढचे प्रश्न एकेक करून विचारा आणि उत्तर लिहून घ्या:

१. कमीत कमी सलग किती दिवसांचा खाडा धरतात? एक, दोन, तीन, पाच, सात अशी प्रत्येक मेसची वेगळी रीत असते. शनिवार-रविवार घरी जाणाऱ्याला "सलग तीन दिवस" हा नियम म्हणजे खाडा नाहीच.

२. महिन्यात किंवा सत्रात जास्तीत जास्त किती?

३. नोंद किती तास आधी? एका जेवणाचा खाडा चालतो की पूर्ण दिवसाचाच?

४. खाड्याला किती रक्कम परत? पूर्ण दर, की काही टक्के? वर सांगितल्याप्रमाणे पगार आणि विजेचा वाटा सहसा कापूनच घेतात. हे रास्त आहे, पण किती कापतात ते आधी माहीत हवं.

५. रक्कम रोख परत मिळते, पुढच्या महिन्यात वळती होते, की दिवस वाढवून मिळतात? दिवस वाढवून देणार असतील तर सत्राच्या शेवटच्या महिन्यातल्या खाड्याचं काय?

६. गणपती-दिवाळीत मेस बंद असेल त्या दिवसांचे पैसे घेतात का?

७. आजारपणात मागाहून खाडा धरतात का? कुठला कागद लागतो?

सातवा प्रश्न मी स्वतः विचारला नव्हता. पहिल्या वर्षी मला टायफॉइड झाला. ताप चढलेला, मैत्रिणीने रिक्षात बसवून दिलं आणि भावाने गावी नेलं. मैत्रिणीने मेसवाल्या काकांना "ती आजारी आहे, घरी गेली" असं सांगितलं, ते "बरं" म्हणाले. बारा दिवसांनी परत आले तेव्हा वहीत नोंद नव्हती, म्हणून एकाही दिवसाचा खाडा मिळाला नाही. काका खोटं बोलत नव्हते. त्यांनी ऐकलं होतं, पण हिशेब करणारा माणूस दुसरा होता आणि तो वही बघून हिशेब करत होता. सेक्रेटरी झाल्यावर मी पहिला नियम हाच बदलून घेतला: डॉक्टरांची चिठ्ठी आणल्यास सात दिवसांपर्यंतचा खाडा मागाहून. तुमच्या मेसमध्ये असा नियम नसेल तर खोलीतल्या मैत्रिणीला किंवा मित्राला आजच सांगून ठेवा की मी आजारी पडून अचानक घरी गेले तर माझ्या नावाने वहीत नोंद कर.

सावधान: तोंडी सांगितलेला खाडा धरला जात नाही. नोंद केली की पानाचा फोटो काढा. ॲपवर केली तर स्क्रीनशॉट.

## टप्पा ४: जेवून पाहा, आणि उशिरा जाऊन पाहा

गेस्ट कूपन, म्हणजे पाहुण्यांसाठीचं एका जेवणाचं कूपन घेऊन दोनदा जेवा. एकदा दुपारी गर्दीच्या वेळी आणि एकदा रात्री, मेस बंद व्हायच्या पंधरा मिनिटं आधी. पहिल्या पंगतीला सगळ्याच मेसचं जेवण चांगलं लागतं. शेवटच्या पंधरा मिनिटांत भाजी उरते का, पोळ्या ताज्या लाटतात की दुपारच्या तव्यावर टाकतात, ताकात पाणी किती, हे कळतं.

ताटाकडे लक्ष द्या. धुतलेल्या ताटावरून बोट फिरवा. चिकट लागलं तर भांडी गरम पाण्याने धुतलेली नाहीत. वरण वाढताना डाव तळापर्यंत घालायला सांगा. वरून वाढलेलं पिवळं पाणी आणि तळाची डाळ यात बराच फरक असतो. तळणाचं तेल काळपट आणि फेसाळ दिसलं तर रोज भजी देणाऱ्या मेसचं कौतुक करू नका.

पिण्याच्या पाण्याच्या यंत्रावर किंवा टाकीवर साफसफाईची तारीख लिहिलेली आहे का, ते पाहा. पावसाळ्यात मेसमधून पसरणारी पोटदुखी मी दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा मूळ पाण्यात होतं.

भिंतीवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना किंवा नोंदणी लावलेली असायला हवी. क्रमांक चौदा आकडी असतो. तो लिहून घ्या आणि त्यांच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. मुदत संपलेली आहे का ते तिथे दिसतं.

आणि जेवणाऱ्यांशी बोला. "जेवण कसं आहे?" असं विचारलंत तर सगळे "ठीक आहे" म्हणतील. त्याऐवजी विचारा, "मागच्या आठवड्यात किती वेळा बाहेर जेवलीस?" याचं उत्तर खरं मिळतं.

## टप्पा ५: हिशेब मांडा

आता दुसऱ्या टप्प्यातले आकडे आणि तिसऱ्यातला खाड्याचा नियम एकत्र आणायचे. खालचे दर उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्या मेसचे घाला.

समजा, पूर्ण मेस महिन्याला ४,८०० रुपये, तीस दिवस, नाष्ट्यासह तिन्ही वेळा. दोन वेळची मेस ४,२०० रुपये. कूपन घेतलं तर जेवण ८५ आणि नाष्टा ३५.

साताऱ्याची मुलगी, महिन्यातून दोनदा घरी जाणारी. तिच्या मोजणीत महिन्याला १३ नाष्टे, २१ दुपारची जेवणं, २४ रात्रीची. म्हणजे ४५ जेवणं आणि १३ नाष्टे.

पूर्ण मेस: ४,८०० रुपये.
दोन वेळ आणि सुटे नाष्टे: ४,२०० अधिक ४५५, म्हणजे ४,६५५.
कूपन: ४५ गुणिले ८५ म्हणजे ३,८२५, अधिक ४५५, म्हणजे ४,२८०.

आता खाडा घाला. दोन फेऱ्यांत मिळून चार पूर्ण दिवस ती बाहेर. पूर्ण मेसचा रोजचा दर १६०. नियम "सलग दोन दिवस, ६० टक्के परत" असेल तर चार दिवसांचे ३८४ रुपये वजा होतात आणि पूर्ण मेस ४,४१६ ला पडते. नियम "सलग तीन दिवस" असेल तर एक रुपयाही सुटत नाही. तिच्यासाठी दोन्ही परिस्थितींत कूपनच स्वस्त, पण पहिल्या नियमात फरक फक्त १३६ रुपयांचा राहतो. तेवढ्यासाठी रोज कूपन सांभाळायचं का, हे तिने ठरवावं. मी असते तर पूर्ण मेस घेतली असती.

नांदेडचा मुलगा. २६ नाष्टे, ५५ जेवणं. कूपनने त्याचे ४,६७५ अधिक ९१०, म्हणजे ५,५८५ होतील. पूर्ण मेस त्याला ७८५ रुपयांनी स्वस्त.

एक झटपट ताळा: मासिक दराला एका कूपनच्या किमतीने भागा. ४,८०० भागिले ८५, साधारण ५६. नाष्टा जवळजवळ करतच नसाल आणि महिन्याला ५६ हून कमी जेवणं होत असतील, तर पूर्ण मेस तुमच्यासाठी नाही.

सावधान: पत्रकावरचा "प्रतिजेवण फक्त ५३ रुपये" हा आकडा ४,८०० भागिले ९० असा काढलेला असतो. साताऱ्याच्या मुलीला खरं प्रतिजेवण, नाष्टे धरून, ८३ रुपयांच्या आसपास पडतं.

### कूपनची दुसरी बाजू

हिशेबात कूपन स्वस्त आलं तरी पहिल्या सत्रात मी ते सरसकट सुचवत नाही, आणि याचं कारण पैशांचं नाही. कूपन असलं की प्रत्येक जेवणाच्या वेळी "आज ८५ रुपये घालवू का?" असा प्रश्न पडतो. ज्या मुलांना घरच्या परिस्थितीची जाण आहे, ती मुलं नेमकी जेवण वाचवतात. बिस्किटाचा पुडा आणि चहा घेऊन झोपलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. महिनाअखेरीला वीस कूपनं शिल्लक, आणि चेहरा उतरलेला. त्यांना वाटायचं पैसे वाचले. मासिक मेसमध्ये पैसे आधीच गेलेले असतात, म्हणून पाय आपोआप मेसकडे वळतात.

पालकांना विनंती आहे. मूल काटकसरी स्वभावाचं असेल, स्वतःवर खर्च करताना संकोचणारं असेल, तर दोनचारशे रुपये जास्त गेले तरी मासिक मेस लावा.

कूपनच घ्यायचं ठरलं तर तीन गोष्टी विचारून घ्या. कूपनची मुदत किती? शिल्लक कूपनं परत घेतात का? आणि हरवल्यास काय? बऱ्याच ठिकाणी तिन्हींची उत्तरं विद्यार्थ्याच्या विरुद्ध असतात. मुदत महिन्याचीच असेल तर ६० कूपनांचा गठ्ठा घेऊ नका, ३० चा घ्या.

## टप्पा ६: पथ्य, उपवास आणि पोषण

तयारीत लिहिलेला कागद आता काढा.

उपवास करत असाल तर उपवासाच्या दिवशी मेस काय देते ते विचारा. काही ठिकाणी साबुदाणा खिचडी किंवा भगर मिळते, काही ठिकाणी काहीच नाही आणि खाडाही नाही. श्रावणी सोमवार, चतुर्थी, एकादशी आणि नवरात्राचे नऊ दिवस मिळून सत्रातले बरेच दिवस होतात. ते मोजणीतून वजा करा. जैन आहार, म्हणजे कांदा-लसूण आणि कंदमुळांशिवाय आणि सूर्यास्तापूर्वी जेवण, बहुतेक मेसच्या वेळेत बसत नाही. रात्रीची मेस साडेसातला उघडत असेल तर संध्याकाळचं ताट लवकर मिळेल का, हे लेखी घ्या. रमजानमध्ये सहरीसाठी डबा आदल्या रात्री देतात का, हेही तसंच.

अंडी-मांसाहाराचे दिवस वेगळ्या पैशांत असतात की मासिक दरात, हे विचारा. मासिक दरात असतील तर शाकाहारी विद्यार्थ्याला त्या दिवशी बदली पदार्थ काय? पनीर म्हणून दोन तुकडे आणि रस्सा वाढत असतील तर तो बदल कागदापुरताच.

प्रथिनांचा विचार कोणी करत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या मुलीला साधारण ४६ ग्रॅम. घरच्या घट्ट वरणाच्या एका वाटीत पाच-सहा ग्रॅम मिळतात. मेसच्या पातळ आमटीत त्याहून बरीच कमी. म्हणून आठवड्याच्या मेन्यूत उसळ किती वेळा आहे ते मोजा. मटकी, मूग, चवळी, हरभरा मिळून निदान चार वेळा हवी. बटाट्याची भाजी चार वेळा आणि उसळ एकदा असेल तर पदरचं काही धरावं लागेल. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढीच, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे डब्यात भरून खोलीत ठेवा.

मुलींसाठी लोहाची शिफारस दिवसाला २९ मिलिग्रॅम आहे, मुलांपेक्षा खूप जास्त. पालेभाजी आठवड्यातून किती वेळा, आणि ताटात लिंबाची फोड मिळते का, ते पाहा. लिंबामुळे जेवणातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाबरोबर चहा घ्यायची सवय असेल तर ती तासभर पुढे ढकला.

तपासा: ॲलर्जी असेल, विशेषतः शेंगदाण्याची, तर मेसमध्ये दाण्याचं कूट कशाकशात घालतात ते महाराजांनाच विचारा. मराठी स्वयंपाकात कूट भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत, आमटीतही असतं. अशा विद्यार्थ्याने मेस लावण्याआधी रेक्टरला लेखी कळवावं. स्वतंत्र शिजवण्याची सोय नसेल तर ती मेस लावू नये.

## टप्पा ७: पैसे भरताना

एका महिन्याचेच भरा. वर्षाचे एकदम भरले तर सवलत देतो, असं सांगतील. पहिल्या महिन्यात ती सवलत नको. सत्राचे भरणं सक्तीचं असेल तर मध्येच योजना बदलता येते का आणि कितव्या तारखेपर्यंत, ते पावतीवर लिहून घ्या.

डिपॉझिट आणि मासिक रक्कम यांच्या पावत्या वेगळ्या घ्या. एकाच पावतीवर एकूण रक्कम लिहिली तर वर्षाअखेरीला डिपॉझिट परत मागताना तो आकडा सिद्ध करणं जड जातं. फोनवरून पैसे पाठवलेत तर टिपेत नाव, खोली, महिना लिहा. ठेकेदाराच्या खासगी नंबरवर पाठवण्याआधी तो नंबर अधिकृत आहे का, ते कार्यालयातून विचारून घ्या.

## टप्पा ८: पहिला महिना आणि बदल

भिंतीवर एक साधं कॅलेंडर लावा. मेसमध्ये जेवलात की खूण, बाहेर जेवलात की त्या चौकोनात रुपये. एवढंच. पाचव्या-सहाव्या दिवशी कंटाळा येतो, पण महिनाभर रेटा.

महिना संपला की खुणा मोजा आणि पाचव्या टप्प्यातला हिशेब खऱ्या आकड्यांनी पुन्हा करा. बाहेरच्या खाण्याचा आकडा मेसच्या दराच्या चौथाईहून जास्त झाला असेल, तर योजना बदलण्याआधी कारण शोधा. मेसची वेळ जुळत नाही म्हणून बाहेर खाल्लं, तर योजना बदला. जेवण आवडत नाही म्हणून खाल्लं, तर योजना बदलून काही होणार नाही. मेस बदला किंवा मेस समितीच्या बैठकीत बोला. मित्र जातात म्हणून गेलात, तर कुठलीही मेस लावा, तो खर्च राहणारच, तो वेगळा धरा.

समितीत तक्रार नेताना "जेवण वाईट आहे" एवढंच म्हणू नका. "मंगळवार आणि गुरुवारी साडेआठनंतर पोळ्या संपतात, चार मुलींना भातावर भागवावं लागलं" असं तारखेसकट सांगा. पहिल्या प्रकारच्या तक्रारीवर माझ्याच समितीने कधी काही केलं नाही. दुसऱ्या प्रकारच्या तक्रारीवर दुसऱ्याच दिवशी एक मावशी वाढवून घेतली होती.

दिवाळीला निघण्याच्या आदल्या रात्री वहीत खाड्याची नोंद करा, आणि पानाचा फोटो व दोन्ही पावत्यांचे फोटो असे तिन्ही घरच्या एका माणसाला पाठवून ठेवा. सत्र संपताना शेवटच्या खाड्याचा हिशेब परीक्षेआधीच करून घ्या, कारण शेवटच्या पेपरनंतर हिशेब करणारा माणूस भेटत नाही आणि त्याची सही नसेल तर नो ड्यूजचा, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा कागद अडतो.